यंत्रमानवाच्या संगतीने संगणकाचे धडे

सौंसर तालुक्यातील मोहगावचा परिसर संत्र्याच्या बागांचा आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात तो मोडतो. येथील अनेक मुलांची घरची भाषा मराठी आणि शाळेची हिंदी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने संगणकाला आज्ञा देण्याचे शिक्षण उच्च प्राथमिक स्तरावर सुचविले आहे. ही आणखी एक भाषा मुलांना कशी शिकवावी, हा प्रश्न त्यामुळे शिक्षकांसमोर आहे.

कासवाची चाल

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे सीमूर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिला जमिनीवर चालणाऱ्या 'कासव' नावाच्या यंत्राची जोड मिळाली. 'पन्नास पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे' ही आज्ञा चार वेळा दिली की कासव चौरस काढते. आज्ञा चुकल्यास कासव भलतीकडे जाते आणि चूक मुलाला डोळ्यांनी दिसते. यंत्रमानवाद्वारे शिकविण्याचे खरे प्रयोजन हेच होय.

बागेतील उदाहरण

समजा, मुलांनी मातीतील ओलावा मोजणारे छोटे यंत्र केले व 'माती कोरडी असेल तर पंप सुरू कर' अशी आज्ञा दिली. आज्ञा वरकरणी बिनचूक आहे. परंतु आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बागेला ताण द्यावा लागतो. त्या काळात हे यंत्र ताण मोडून बहाराचे नुकसान करील. म्हणून 'ताणाचा काळ नसेल तर' ही अट जोडावी लागते. ती अट बागायतदाराच्या मुलालाच प्रथम सुचण्याचा संभव अधिक.

विद्यापीठांचे साहाय्य

अटल नवप्रवर्तन मिशनने २०१६ पासून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना राबविली. मात्र केवळ साहित्य आल्याने शिक्षण होत नाही. मध्यप्रदेशातच १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांनी त्यात भाग घेतला. शिक्षकांचे प्रशिक्षण, मासिक बैठका आणि शाळांना पुरविलेली प्रयोगसाहित्याची पेटी हे त्याचे आधार होते. २००२ साली तो बंद होईपर्यंत असंख्य ग्रामीण मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग केले. विद्यापीठाची मंडळी एक दिवस येऊन परतली, तर यंत्र कपाटात पडून राहते. शिक्षकाला वर्षभर साथ मिळाली, तरच ते मुलांच्या हाती येते.

प्रारंभ आजही शक्य

ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही आरंभ करता येईल. अंगणात खडूने चौकटी आखाव्यात. एका मुलाने यंत्रमानव व्हावे, दुसऱ्याने आज्ञा लिहून द्याव्यात आणि पहिल्याने त्या जशाच्या तशा पाळाव्यात. आज्ञा मराठीत असोत वा हिंदीत, त्या नेमक्या व क्रमवार असाव्यात, एवढीच अट आहे. पुढे यंत्र हाती आल्यावर मुलांना भाषा नवी वाटेल. विचाराची पद्धत मात्र परिचयाची असेल.