कुरव पाहावा, पण दुरून

हिवाळ्यात मुंबईच्या शिवडी धक्क्यासमोर, तेलाच्या टाक्यांलगतच्या खाडीत कुरव पक्षी उतरतात. या दिवसांत त्यांच्या दोन जाती सारख्याच दिसतात: डोके पांढरे, डोळ्यामागे काळसर ठिपका. तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळे फिकट असतात आणि काळ्या पंखटोकांवर पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोळे गडद, तर पंखाची पुढची कड पांढरी असते. दुर्बिणीतून हे दुरूनही कळते.

दुरूनच पाहण्याला कारण आहे. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले. त्यांत तपकिरी डोक्याचे कुरवही होते. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातील मुरुंबा गावात याच रोगाने शेकडो कोंबड्या दगावल्या. मात्र सगळा दोष पाहुण्या पक्ष्यांना देऊ नये. कोंबड्यांची ने-आण, खुराडी आणि वाहने यांतूनही विषाणू पसरतो.

म्हणून खाडी असो वा येलदरीचे धरण, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. पशुसंवर्धन विभागाला कळवावे. हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवावा. पुढच्या दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाल्यास डॉक्टरांना पक्ष्याचा संपर्क आवर्जून सांगावा.