तांदळाच्या भाकरीला बांधणारी उकड

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुका हा भातखाचरांचा मुलूख असल्याने तेथील चुलीवर भाजली जाते ती प्रामुख्याने तांदळाची भाकरी, आणि या पिठाची मूळ अडचण अशी की त्यात ग्लुटेन नसते. गव्हातील दोन प्रथिने पाण्यासह मळली असता जे लवचीक जाळे तयार होते त्याला ग्लुटेन म्हणतात; त्याच्याच बळावर पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. तांदळाचे पीठ मात्र गार पाण्यात कितीही मळले, तरी थापताना कडांना चिरते.

कोकणातील गृहिणींनी यावर शोधलेला उपाय म्हणजे उकड. आधणाच्या पाण्यात मीठ घालून पीठ वैरतात, झाकण ठेवून वाफ आणतात आणि ते गरम असतानाच परातीत ओल्या हाताने मळतात. साधारणपणे ६० ते ७८ अंश सेल्सियस तापमानाला तांदळातील स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची घट्ट रचना मोडते. या क्रियेला जिलेटिनीकरण म्हणतात. त्यातून निर्माण होणारी चिकट खळ, म्हणजे सुती कपड्यांना घालतात तीच, पिठाचे उरलेले कण बांधून ठेवते. भाकरी तव्यावर टाकताच तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, त्यामागेही हेच कारण आहे: पृष्ठभागावर खळीचा अखंड पापुद्रा धरतो, आतली वाफ कोंडली जाते आणि भाकरी टम्म फुगते. एक चीर राहिली, की वाफ निसटलीच.

तशाच पावसाळी आयर्लंडमध्येही खेडोपाडी पिकणारा गहू मऊ, म्हणजे कमी ग्लुटेनचा असे. एकोणिसाव्या शतकात तेथील घरांत खाण्याचा सोडा पोहोचल्यावर त्याची ताकातील लॅक्टिक आम्लाशी गाठ घालून, त्यातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर पाव फुगवला जाऊ लागला. तो लोखंडी भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून भाजत. तेथे वायू कामी आला, येथे वाफ. मात्र फुगवण्यासाठी बाहेरचा कोणताही पदार्थ न लागणारी कोकणी युक्ती अधिक काटकसरीची म्हणावी लागेल.

उकडीची भाकरी गार झाल्यावर कडक होते ती केवळ सुकल्यामुळे नव्हे, तर स्टार्चचे रेणू पुन्हा शिस्तीत जुळू लागल्यामुळे, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ही जुळणी अधिक वेगाने होते. म्हणून सकाळची भाकरी दुपारी खायची असल्यास ती फ्रिजमध्ये न ठेवता फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवावी आणि खाताना पाण्याचा हात लावून तव्यावर गरम करावी.