कालामांचा प्रश्न व आजचे यंत्रयुग

विद्येसाठी मनुष्याने किती पायपीट करावी, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे कै. धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र होय. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ गावी त्यांचा जन्म झाला. एका मराठी बालमासिकात त्यांनी भगवान बुद्धांची हकीकत वाचली, आणि या महापुरुषाचा उपदेश मुळातून जाणून घ्यावा अशी तळमळ त्यांना लागली. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे व ग्वाल्हेर करीत ते काशीस गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, पुढे नेपाळात गेले, आणि अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात त्यांच्या पाली अध्ययनास आरंभ झाला.

एवढ्या दूर जाण्याचे कारण काय? बुद्धांचा उपदेश आरंभी भिक्षूंच्या मुखीच राहिला होता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात तो ताडपत्रांवर लिहिला गेला. १८९३ साली सयामचा राजा चुलालंकरण याने तो ३९ खंडांत छापविला. पण ती लिपी सयामी होती. नागरी लिपीतील संपूर्ण त्रिपिटक भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून ४१ खंडांत निघू लागले ते १९५६ साली. तोवर कोसंबी हयात नव्हते. १९४७ साली वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे त्यांचा देहान्त झाला होता. पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेने तेच ग्रंथ संगणकावर चढविले. आज ते नागरीसह अनेक लिपींत जगात कोणासही विनामूल्य वाचता येतात.

आमच्या वऱ्हाडच्या उत्तरेस, मेळघाटच्या सागवनात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह हे गाव आहे. परतवाड्याहून धारणीस जाणारा रस्ता तेथून जातो. मेळघाटाच्या डोंगरदऱ्यांत मोबाइलची रेंज कोठे मिळते, कोठे मिळत नाही. परंतु जेथे मिळते, तेथे झाडाखाली बसलेला एखादा कोरकू विद्यार्थी, ज्या ग्रंथांसाठी कोसंबींनी समुद्र ओलांडला, ते ग्रंथ क्षणार्धात आपल्या तळहातावर उघडू शकतो. यंत्राचा हा उपकार लहान नव्हे.

परंतु ज्या वाटेने ग्रंथ येतो, त्याच वाटेने असत्यही येते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी १ जुलै २०१८ रोजी आठवडे बाजार होता. तेथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्यापूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्याच महिन्यात त्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे धाडता येऊ नये, अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा उचित खरी. पण पाच ठिकाणी गेलेले असत्य हेही असत्यच!

अशा वेळी अंगुत्तर निकायातील कालाम सुत्ताचे स्मरण होते. कोसल देशातील केसपुत्त गावी कालाम नावाचे लोक राहत. त्यांनी बुद्धांना आपली अडचण निवेदन केली: आमच्याकडे नाना मतांचे उपदेशक येतात, प्रत्येक जण स्वमताची स्तुती व परमताची निंदा करतो, आम्ही खरे कोणाचे मानावे? आज हातातील यंत्राकडे पाहून हाच प्रश्न आपणही विचारू शकतो.

बुद्धांनी कालामांना दोष दिला नाही. शंका येणे रास्तच आहे, असे सांगितले. कानोकानी ऐकले, परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे, बोलणारा भारदस्त दिसतो किंवा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. मात्र मनास येईल ते मानावे, असाही याचा अर्थ नव्हे. अमुक गोष्टीने लोभ, द्वेष व मोह वाढतात काय? तिच्यापासून आपले व इतरांचे अहित होते काय? सुज्ञ जन तिची निंदा करतात काय? या कसोट्यांना उतरेल तेच आचरावे, असा त्या उपदेशाचा सारांश आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून हा वारसा वऱ्हाडातील असंख्य घरांचा झाला आहे. पण कसोटी अशी आहे की ती कोणत्याही धर्माच्या मनुष्याने वापरावी.

तिचा व्यवहारातील उपयोग सोपा आहे. संदेश येताच तो पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे. हे प्रथम कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले काय? वाचून आपल्या मनात कोणाविषयी द्वेष उपजला काय? खोटे ठरल्यास कोणास इजा होईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राईनपाड्याने दिले आहे. आता तर यंत्रे माणसाचा हुबेहूब आवाज व चित्रही बनवितात. म्हणून डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, एवढे प्रमाणही पुरेसे राहिले नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या साधनेस येणाऱ्याला आपला मोबाइल प्रथम जमा करावा लागतो. धम्मग्रंथ यंत्रावर आणणारी संस्था ज्या परिसरात आहे, तेथेच यंत्र बाजूस ठेवण्यास सांगतात, यात आम्हांस विसंगती वाटत नाही. ग्रंथ पोचविणे हे यंत्राचे काम. पारख करणे हे शांत चित्ताचे. पालकांनी मुलांच्या हाती यंत्र देताना हा विवेकही द्यावा, आणि स्वतः तो पाळून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.