गोड चाल, अवघड शब्द

मुष्टियुद्धात एक डाव आहे. योद्धा बराच वेळ एकाच हाताने ठोसे देत राहतो. दुसरा हात त्याला जणू नाहीच. प्रतिस्पर्ध्याला त्या हाताचा विसर पडला, की नेमका तोच हात उठतो. अमेरिकेतील गायिका आणि गीतकार एमी मॅन यांनी २००५ साली काढलेल्या आपल्या ध्वनिमुद्रिकेला या डावाचेच नाव दिले आहे. ‘द फरगॉटन आर्म’, म्हणजे विसरलेला हात. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला, व्यसनात सापडलेला एक मुष्टियोद्धा आणि त्याची प्रेयसी यांची कथा तीत बारा गाण्यांतून उलगडत जाते. परंतु हे नाव त्या कथेपुरतेच राहत नाही. या बाईंच्या एकंदर गीतरचनेची ती किल्ली आहे, असे मला वाटते. चाल हा त्यांचा दिसणारा हात, आणि शब्द हा विसरलेला.

त्यांची चाल ऐकणाऱ्याला कोठेही अडवीत नाही. गळ्याची कसरत नाही, तानांचा सोस नाही; स्वर बेताच्या आवाक्यात फिरतात आणि ध्रुवपद अपेक्षेच्या जागी परत येते. दोनदा ऐकले की ती चाल घरातली कामे करतानाही ओठांवर येऊ लागते. शब्दांकडे लक्ष जाते ते त्यानंतर. मग कळते, की आपण आनंदाने गुणगुणत आहोत ते एका हताश माणसाचे कैफियतपत्र आहे. ‘सेव्ह मी’ या त्यांच्या प्रसिद्ध गीतात सुपरमॅन आणि पीटर पॅन हे बालवाङ्मयातील तारणहार येतात. पण गाणारी स्त्री ज्याच्याकडे सुटकेची याचना करीत आहे, तो आपल्याला खरोखर सोडवील यावर तिचा विश्वास आहे की नाही, हे अखेरपर्यंत निश्चित होत नाही. २००२ सालच्या ‘लॉस्ट इन स्पेस’मधील एका गीताच्या शीर्षकातच पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाची घंटा वाजते. घंटा झाली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्याचा प्रयोग ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या गीताचा निम्मा अर्थ लागणार नाही.

आपल्या कानांना ही रीत थोडी परकी वाटते, हे खरे. भावगीतात शब्द आधी येतात आणि त्यांना चाल ‘लावतात’. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणात माडगूळकरांचे शब्द आणि फडके यांचे स्वर एकाच रसाच्या दिशेने चालतात. शोकाच्या प्रसंगी चालही शोकाकुल होते. तथापि एकनाथांचे भारूड आठवले, तर अगदी परके वाटण्याचे कारण नाही. तेथे ठेका गमतीचा आणि आत वेदान्त! अर्थात भारुडातला वेदान्त शेवटी दिलासा देतो. एमी मॅन यांच्या गीतांत तशी सोय क्वचितच असते.

या रीतीची किंमत त्यांना मोजावी लागली. १९८५ साली बॉस्टनच्या ‘टिल ट्यूजडे’ या वाद्यवृंदाच्या गायिका म्हणून ‘व्हॉइसेस कॅरी’ या गाण्याने त्यांना अमेरिकाभर नाव मिळाले. पुढे १९९३ पासून त्या स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढू लागल्या. पण एक कंपनी डबघाईला आली आणि दुसरी मोठ्या उद्योगसमूहांच्या विलीनीकरणात तिसरीच्या हाती गेली. ‘बॅचलर नंबर टू’ या ध्वनिमुद्रिकेची गाणी नव्या मालकांच्या पुढे गेली, तेव्हा त्यांना त्यांत रेडिओवर गाजेल असे एकही गाणे दिसेना. वास्तविक गुणगुणता येणाऱ्या चालींचा त्या मुद्रिकेत दुष्काळ नाही. पण जी गाणी पुनःपुन्हा ऐकल्यावर उलगडतात, त्यांची परीक्षा एका बैठकीत करणारा परीक्षक दुसरे काय सांगणार? तीतील एक गीत वरवर पाहता प्रेमभंगाचे आहे. परंतु समोरच्याचे कशानेच समाधान होत नाही, ही त्यातील तक्रार कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही तंतोतंत लागू पडते.

एमी मॅन यांनी पैसे मोजून आपलीच गाणी कंपनीकडून परत विकत घेतली. १९९९ साली ‘सुपरइगो’ नावाची स्वतःची संस्था काढली, आणि २००० साली ‘बॅचलर नंबर टू’ तिच्यातर्फे प्रसिद्ध करून आपल्या संकेतस्थळावरून थेट विकावयास आरंभ केला. बड्या कंपनीचा आधार सोडून असे स्वतंत्रपणे गाणाऱ्यांना तिकडे ‘इंडी’ म्हणतात. आज हा शब्द फॅशनचा झाला आहे. त्या वेळी त्यात स्वतःच्या खिशातील पैसा पणाला लागलेला होता.

याच सुमारास दिग्दर्शक पॉल टॉमस अँडरसन यांचा ‘मॅग्नोलिया’ हा चित्रपट आला (१९९९). चित्रपटाला गाणी जोडावयाची, हा नेहमीचा क्रम. येथे दिग्दर्शकाने एमी मॅन यांची गाणी ऐकत पटकथा रचली. एका गीताची पहिली ओळ त्यात चक्क संवाद होऊन बसली आहे, आणि एका प्रसंगी वेगवेगळ्या घरांतील एकाकी पात्रे एकच गीत आळीपाळीने गाऊ लागतात. ‘सेव्ह मी’ला ऑस्करचे नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र फिल कॉलिन्स यांच्या टारझनपटातील गीताला गेले.

त्यानंतर त्यांची संस्था चालू राहिली. २०१७ सालच्या ‘मेंटल इलनेस’ या, गिटार आणि तंतुवाद्यांच्या मंद साथीने गायिलेल्या ध्वनिमुद्रिकेला पुढील वर्षी लोकसंगीत विभागातील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २०२१ साली ‘क्वीन्स ऑफ द समर हॉटेल’ निघाली. तिला आधार आहे सुझॅना केसन यांच्या आत्मकथेचा. अठरा वर्षांच्या या मुलीला १९६७ साली एका डॉक्टरने थोडक्या वेळाच्या मुलाखतीवरून मनोरुग्णालयात धाडले आणि ती तेथे दोनेक वर्षे राहिली. ध्वनिमुद्रिकेत एक गीत त्या डॉक्टरच्या तोंडी आहे. पंधरा मिनिटे पुरेत, असे तो फुशारकीने सांगतो. चाल अशी नाचरी आहे, की ऐकताना पाय आपोआप ठेका धरतो.