पहाटे पिकअप उचलत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका, मग धूर बघा

कळमना (नागपूर) : मेथी, पालक, सांबार रात्रीच भरून ओल्या पोत्याखाली झाकलेला असतो. पहाटे साडेतीनला चावी फिरवली की गाडी नुसतीच कण्हते. डिसेंबर-जानेवारीत कळमेश्वर, सावनेर, मौदा, कुही भागातून कळमना बाजारात माल आणणाऱ्या पिकअपवाल्यांना हे काही नवीन नाही. पण लिलाव कोणासाठी थांबत नाही. उशिरा पोचलेली पालेभाजी मिळेल त्या भावात सोडावी लागते आणि त्या वेळेला मिस्त्रीचं शटर बंद असतं. म्हणून बिघाड नेमका कुठं आहे, एवढं तरी गाडीवाल्याला स्वतः कळलं पाहिजे.

अशा वेळी सगळ्यात आधी ऐकू येतं ते ‘डिझेल गोठलं’. नागपुरात थंडी पडते हे खरंच. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरी पंपावरचं डिझेल इथं सहसा गोठत नाही. भारतीय मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हिवाळी डिझेल विकायचं असतं आणि ते साधारण ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट गेलं पाहिजे. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणजे ऑक्टोबरात ड्रममध्ये भरून शेतावर ठेवलेलं डिझेल जानेवारीत टाकीत ओतलं, तर मात्र त्यातलं मेण फिल्टरला धरू शकतं. बाकी वेळा दोष दुसरीकडंच असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत इंजिनाचं लोखंडच ती उष्णता खाऊन टाकतं. ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद कमी होते. उन्हाळ्यात निभावून गेलेली कमजोर बॅटरी थंडीत उघडी पडते ती यामुळेच.

तपासणी सुरू करायची ती सेल्फच्या आवाजापासून. सेल्फ ‘घुर्र... घुर्र...’ करत रेटत असेल किंवा नुसतं ‘टिक’ वाजत असेल, तर डिझेलच्या मागं लागू नये. बॉनेट उघडून बॅटरीची टोकं बघावी. पांढरा-हिरवा थर आला असेल तर आधी काळी वायर, मग लाल वायर काढून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून घासावं. बॅटरीपासून चेसिस आणि इंजिनाला गेलेली अर्थची वायर हातानं हलवून बघावी, ती ढिली असते हे बरेचदा कोणाच्या लक्षातच येत नाही. साधा मल्टिमीटर चारपाचशेत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते ती भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी संपत आली समजावं. आकडा ११ वर टिकूनही सेल्फ मंद असेल तर दोष वायरीत किंवा सेल्फमध्ये आहे. पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जाड ऑइल टाकलं असेल तरी पहाटे असंच होतं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी मागं एका माणसाला उभं करून सायलेन्सर बघायला सांगावं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पेटत नाही. ज्या गाडीला हीटर प्लग आहेत, तिथं पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा. चावी ऑन केल्यावर वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा असतो. घाईत कोणी थांबत नाही, ही वेगळी गोष्ट. दिवा लागतच नसेल तर फ्यूज आणि रिले तपासावा. प्लगची पट्टी काढून मीटरनं रोध मोजला तर चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर हललाच नाही तर तो प्लग गेला. नव्या गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग असतात, त्यांना बॅटरीची थेट वायर लावून बघू नये.

धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढावं, पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. नंतर स्क्रू घट्ट करून हातपंप कडक होईपर्यंत मारावा. पंप मारला की गाडी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं असेल तर पाइपच्या क्लिपमधून किंवा वॉशरमधून लाइन हवा धरते आहे. कॉमन रेल इंजिनात मात्र इंजेक्टरचे पाइप सोडून हवा काढू नये. त्यात हजार बारच्या वर दाब असतो, फवारा कातडीत शिरतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नये, मधे मिनिटभर थांबावं. हीटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. टाकीखाली किंवा ऑइल चेंबरखाली पऱ्हाटी पेटवण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे, तिनं गाडीसकट माल जळू शकतो.

हे सगळं ठीक निघालं, तरी रोज सकाळी पांढरा धूर टाकत गाडी उशिरानं पकडते आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होतं, तेव्हा हेड गॅस्केट आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. ते काम मिस्त्रीचंच, पण गाडी त्याच्याकडं आदल्या संध्याकाळी उभी करून ठेवावी. गरम गाडीत हा दोष दिसत नाही.