धुऱ्यापासून पवनचक्की किती दूर?

वाऱ्याच्या नकाशावर यवतमाळ पहिल्या रांगेत नाही. तो मान साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठाराचा, धुळ्याच्या ब्राह्मणवेलचा, सांगलीतल्या ढालगाव-जत पट्ट्याचा आणि अलीकडे बीड-धाराशिवचा. पण यंत्रं बदलली आहेत. साताऱ्यातल्या पहिल्या पिढीच्या चक्क्या काहीशे किलोवॉटच्या होत्या. आता एकेक चक्की तीन मेगावॉटची आणि मनोरा १२०-१४० मीटर उंच. उंचावर वारा जोरात असतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. त्यामुळे कंपन्यांनी कालपर्यंत वगळलेले जिल्हेही हिशेबात येऊ लागले आहेत. एजंट गावात इसाराची रक्कम घेऊन येण्याआधीच विचारून ठेवलेला बरा असा एक प्रश्न आहे: शेजारच्या वावरात पवनचक्की उभी राहिली, तर कायदा मला काय देतो?

पहिलं उत्तर निराश करणारं आहे. प्रादेशिक योजनेच्या नकाशात आपली वावरं हिरव्या रंगात, म्हणजे शेती विभागात असतात. त्या रंगाने पवनचक्की अडत नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातही अपारंपरिक वीजनिर्मितीला जागा ठेवलेली आहे. वणी भागात नवी कोळसा खाण काढायची तर जनसुनावणी लागते, लोक माइकवर उभे राहून बोलतात, इतिवृत्तात नोंद होते. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवन प्रकल्प नाहीत, त्यामुळे त्यांना ती सुनावणीच नाही. धूर नाही, राख नाही, म्हणून ही सूट. ते समजू शकतं. पण धूर नसला तरी शेजारी असतोच.

अंतराबद्दल जे काही आहे ते केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शिकेत. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नको. रस्ता, रेल्वे, इमारती, सार्वजनिक संस्था आणि अतिउच्चदाब वाहिन्यांपासून किती दूर, याचं सूत्र दिलं आहे: मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा निम्मा व्यास, अधिक पाच मीटर. मनोरा १४० मीटर आणि वर्तुळाचा व्यास १४० मीटर धरला, तर १४० अधिक ७० अधिक ५, म्हणजे २१५ मीटर. चक्की आडवी झालीच तर रस्त्यावर पडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

याच मार्गदर्शिकेत आणखी एक अंतर आहे. लगतची जमीन दुसऱ्या पवन कंपनीची असेल, तर तिच्या हद्दीपासून वाऱ्याच्या मुख्य दिशेला व्यासाच्या तिप्पट आणि आडव्या दिशेला दुप्पट दूर राहायचं, कारण एका चक्कीने दुसरीचा वारा खाऊ नये. आपल्या उदाहरणात हे ४२० आणि २८० मीटर झाले. लगतची जमीन कापूस-तुरीची असेल तर मात्र असं अंतर नाही. म्हणजे वारा विकणाऱ्याची हद्द मोजली, शेतकऱ्याचा धुरा मोजला नाही. पाती धुऱ्यावरून फिरणार का, सावलीची उघडझाप कोठ्यातल्या जनावरांवर पडणार का, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. रानडुकरांच्या भीतीने रात्र रात्र जागलीला जाणाऱ्या माणसाची खोपडी 'राहतं घर' ठरवून घ्यायची, तर त्यासाठीही भांडावं लागेल. शिवाय मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. हाताशी असलेला खरा कायदा म्हणजे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण त्याचा आधार चक्की फिरायला लागल्यावर.

डेन्मार्कमध्ये चक्की घरापासून तिच्या एकूण उंचीच्या चौपट दूर लागते आणि तिच्यामुळे घराची किंमत घटली तर शेजाऱ्याला भरपाई मागता येते. २००९ पासून तशी तरतूद आहे. जर्मनीच्या बव्हेरिया राज्याने तर २०१४ मध्ये उंचीच्या दहापट अंतर ठरवलं, चक्क्या उभ्या राहणं जवळजवळ थांबलं आणि पुढे नियम सैल करावा लागला. दहापट हा अतिरेकच. पण डेन्मार्कची भरपाईची कल्पना आपल्याकडे कुणी उचलली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

मग यवतमाळच्या माणसाला संरक्षण कुठे आहे? महसूल कायद्यात, सातबाऱ्यावर. मारेगाव, झरी जामणी, केळापूर, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथल्या गोंड, कोलाम खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ चा अडसर आहे आणि तो फक्त विक्रीला नाही, भाडेपट्ट्यालाही आहे. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून जास्त मुदतीला राज्य शासनाची मान्यताही. पवनचक्कीचा पट्टा पाच वर्षांचा नसतोच, पंचवीस-तीस वर्षांचा असतो. अनुसूचित क्षेत्रात त्याआधी ग्रामसभेची संमती हवी. नोटरीपुढे केलेला स्टॅम्पपेपरवरचा करार इथे कवडीमोल आहे.

वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण दुसऱ्याला देता येत नाही. भूदानाच्या जमिनींना विदर्भात अजून १९५३ चा मध्य प्रदेशचा कायदा लागू आहे आणि त्या परस्पर विकता येत नाहीत. भोगवटादार वर्ग २ असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरं चारायची जागा, खासगी वापराला देऊ नये असा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा आहे. धुळ्याच्या साक्री तालुक्यात वनजमिनीवर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा ती जमीन कसणाऱ्या आदिवासींना वर्षानुवर्षं आंदोलन करावं लागलं. कागद आधी पक्के असते तर लढाई वेगळी झाली असती.

वर्ग १ च्या खातेदाराला मात्र हे कवच नाही. त्याचं कवच त्याचा करार. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच हवा. मुखत्यारपत्र एजंटच्या नावाने देऊ नये, हे तर सांगायलाच नको. पवनचक्कीच्या पैशाभोवती कशी माणसं गोळा होतात ते बीडमधल्या मस्साजोगने दाखवलं: डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला.

करारात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे रस्ता. सत्तर मीटर लांबीचं पातं एका तुकड्यात येतं, पांदणीचं वळण त्याला पुरत नाही, मग शेजारच्या तीन वावरांतून तात्पुरता रस्ता जातो. काळ्या जमिनीवरून ओल असताना क्रेन गेली की माती अशी दाबते की पुढचे काही हंगाम तिथे पऱ्हाटी नीट उभी राहत नाही. त्या तिघांशी बहुतेक वेळा करारच झालेला नसतो.

तारांचंही तसंच. ६६ किलोव्होल्ट आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सुचवला. चक्कीपासून उपकेंद्रापर्यंतची लाइन साधारण ३३ किलोव्होल्टची असते. ती या हिशेबातून सुटते. तिचा भाव खांब रोवायच्या आधी लेखी ठरला तरच मिळतो.

आणि शेवटचं कलम वाचायचं ते चक्की काढण्याचं. तिचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं. पायात शेकडो घनमीटर काँक्रीट असतं. ते कोण उकरणार, किती खोल उकरणार, आणि तोवर कंपनी विकली गेली असेल तर पैसे कुठून येणार? बँक गॅरंटी पट्ट्यातच लिहून घेतलेली असेल, तर या प्रश्नांना उत्तर आहे. नसेल, तर सातबारा आपल्या नावावर आणि काँक्रीटही.