सुट्टीच्या शेवटच्या दिवशी

2019 मध्ये रमजान मे महिन्यात आला आणि मुलांची सुट्टी नानीकडे मुंबईत गेली. शेवटच्या दिवशी इफ्तारनंतर मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवे खाल्ले; सहेरीसाठी मातीच्या वाट्यांतली फिरनी बांधून घेतली. नानी दरवेळी मस्जिद बंदर स्टेशनापर्यंत सोडायला यायची. यंदा गुडघ्यांनी जिनाही उतरू दिला नाही. खिडकीतूनच हात हलवत राहिली. धाकटी रुसली.

कर्जत लोकल बदलापूरनंतर मोकळी झाली. समोरच्या खोपोलीच्या काकूंनी विचारलं, "इतक्या उकाड्यात पाण्याशिवाय कसं गं जमतं?" धाकटीने फिरनीची वाटी पुढे केली. (ती स्वतः अजून रोजा धरत नाही, हे मात्र सांगितलं नाही!)

नेरळला नानीचा फोन आला : "फिरनी सांडली नाही ना?"